शुक्रवारचा मल्लाप्पा

मुजावर ताई नारळ घेऊन आमच्या दारात आली तेव्हा बायका पार गटारीपर्यंत बसल्या होत्या. शुक्रवार होता. ताईनं ओढणी डोक्यावरून घेतली, चपला काढून भिंतीकडेला सारल्या आणि रांगेच्या शेवटी मांडी घालून बसली.

“ही कोण गं?” एका म्हातारीनं विचारलं.

“गोळ्यावाली न्हवं का ती,” इंदू कोळेकर म्हणाली. “दवाखान्याकडनं येती ती मुसलमानीण. आली बघ तीबी शेवटाला आईच्या पायाशी.”

बायका हसल्या. ताईपण हसली. “जरा सरका की,” म्हणाली, “ऊन लागतंय मला.”

आत देव्हाऱ्यापुढं पाटावर माझा नवरा बसला होता. मल्लाप्पा. कपाळभर मळवट, गळ्यात माळा, समोर नारळाचा ढीग. तोंड सुकलेलं, ओठ अखंड हलत होते. त्याच्या उजव्या हाताला माझी सासू सत्यव्वा. तो पुटपुटायचा, ती कान लावायची आणि पुढच्या बाईला सांगायची, “आई म्हणती, अमावास्या जाऊ दे. आई म्हणती, पोरगीला त्या घरात दिऊ नगंस.” मी चुलीपाशी पाण्याची कळशी घेऊन उभी होते. अंगात आई आल्यावर घरातल्या सुनेनं बसायचं नाही, असा सासूचा दंडक होता.

सासूची नजर ताईवर गेली आणि तिचं तोंड बदललं.

“तुझं काय काम हितं?”

“प्रश्न हाय माझा,” ताई म्हणाली. “माझा नंबर आला की विचारते.”

आता आधीचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि ज्यांना कळलंय असं वाटतंय त्यांना तर मुळीच कळलेलं नाही.

आमचं गाव यंत्रमागांचं. दिवसरात्र खडखडाट. मल्लाप्पा चार माग सांभाळायचा आणि मी त्याच शेडात सुताच्या कांड्या भरायचे. त्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही ओठ बघून बोलतो. लांबच्या मागावरचा माणूस नुसते ओठ हलवतो आणि आम्हाला कळतं की तो तंबाखू मागतोय, का शिवी देतोय. त्यामुळं मल्लाप्पाचे ओठ एकटेच हलायला लागले तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. शेडात सगळ्यांचेच ओठ हलतात. मला वाटायचं पलीकडच्या कुणाशी बोलतोय. पलीकडच्याला वाटायचं माझ्याशी बोलतोय.

मग एकदा पाळी बदलताना माग थांबले. सगळं गप्प झालं. आणि मल्लाप्पानं हातातला मागाचा धोटा भिंतीवर भिरकावला. “गप बसा की आता तरी,” म्हणून ओरडला. शेडात कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

पुढचं जसं होतं तसंच झालं. मालकानं काढून टाकलं. रस्त्यावर पोरांनी दगड मारले, त्यानं एकाला परत मारला, त्या पोराच्या बापानं ह्याला गुरासारखा बडवला. पोलिसांनी उचलला आणि शेवटी वेड्यांच्या सरकारी दवाखान्यात पोचला. काही महिन्यांनी तिथनं गोळ्यांची पुडकी घेऊन परत आला. जाडा, सुस्त, हात थरथरणारा. पण माणसात होता. माझं नाव घेऊन हाक मारायचा.

माणसात नव्हती ती गल्ली. नळावर माझी घागर बाजूला सारायच्या. घरमालक दर चार दिवसांनी येऊन खोली कधी सोडताय विचारायचा. आमच्या घराला नाव पडलं, येड्याचं घर. दळणाला गेले तर गिरणीवाला विचारायचा, “कुठली गं तू? त्या येड्याच्यातली?” आणि ज्या बायका हे बोलायच्या त्या एकीपेक्षा एक उपासतापास करणाऱ्या, मुंगीला साखर घालणाऱ्या.

त्या दिवसांत आमच्या उंबऱ्यात येणारं माणूस एकच. शाहीन मुजावर. एका संस्थेची बाई होती. दवाखान्यातनं घरी आलेल्यांच्या घरी जायचं, बघायचं, हे तिचं काम. पहिल्या दिवशी आली तेव्हा मला वाटलं आता वही काढणार आणि प्रश्न विचारणार. तिनं वही काढलीच नाही. मल्लाप्पाजवळ भिंतीला टेकून बसली. बराच वेळ. उठताना म्हणाली, “पारव्वा, च्यात साखर जास्त हाय तुझ्या. गोळीनं हा आधीच फुगलाय. कमी कर.”

मला हसू आलं. कित्येक दिवसांनी आलं.

सासू तिला टोमणे मारायची. “मुजावराची पोर तू. तुझा आजा दर्ग्यात मोरपीस फिरवून भुतं काढायचा म्हणं. आन् तू गोळ्या वाटत फिरतीस? अंगारा दे की गं त्यापरीस.”

“आजा पीस फिरवायचा,” ताई म्हणायची, “आन् आज्जी मागनं जेवाय घालायची. माणूस नेमकं कशानं बरं व्हायचं कुणास ठाऊक, अव्वा. मी आज्जीचं घेतलं.”

सासूला ते आवडायचं. पण ती तसं दाखवायची नाही.

मग ते झालं.

आमची खोली आणि शेजारचा मागाचा कारखाना ह्यांच्यात एकच भिंत. पिंपातलं पाणीसुद्धा थरथरत असायचं. फक्त शुक्रवारी आमच्या भागातली लाईट बंद असायची, तेव्हा सगळे माग थांबायचे आणि सगळी गल्ली मुकी व्हायची. अशाच एका शुक्रवारी इंदू कोळेकर मोरीपाशी बसून रडत होती. तिची नथ हरवली होती. नवरा जीव घेणार म्हणत होती. आणि आतनं मल्लाप्पा एकदम मोठ्यानं, बायकी आवाजात म्हणाला, “पिंपाखाली बघ. पिंपाखाली.”

इंदूनं घरी जाऊन पिंप सरकवलं. नथ खाली होती.

संध्याकाळी ती हळदकुंकू घेऊन आली. पुढच्या शुक्रवारी आणखी बायका घेऊन आली. त्याही शुक्रवारी मल्लाप्पा बोलायला लागला, डोलायला लागला. त्याच्या पुढच्याही. शुक्रवार म्हणजे आईचा वार. कुणाला आणखी कसली शंका राहणार?

सासू एका आठवड्यात ताठ झाली. वाकून चालणारी बाई, नळावर मधोमध उभी राहायला लागली. माझी घागर पहिली लागायला लागली. घरमालकानं खोलीला चुना लावून दिला. ज्या गिरणीवाल्यानं नाव ठेवलं तो दळण घरी पोचवायला लागला. खोटं कशाला बोलू, ते सगळं बरं वाटायचं.

पण शुक्रवारी उपास. पाणीसुद्धा दुपारनंतर. उपासाच्या पोटी गोळी नको, असं सासूनं आधी शुक्रवारपुरतं ठरवलं. मग म्हणाली, “देवाच्या अंगात इंग्लिश औषध घालतीस व्हय गं सटवे?” आणि गोळ्या पार बंद झाल्या. तो रात्री उठून बसायचा. शनिवार, रविवार झोपायचा नाही. सोमवारी भिंतीला कान लावून बसायचा, मागाच्या खडखडाटाला असं बिलगून जसं काही थंडीत चुलीला बसलाय. बुधवारपर्यंत थोडा निवळायचा. तोवर पुढचा शुक्रवार यायचा.

ताईनं सासूला खूप समजावलं. सासूनं एकच उत्तर दिलं. “बाई, तुझ्या गोळीनं माझा ल्योक येडा ऱ्हातो. आईमुळं तो देव झालाय. तूच सांग, मी त्याची आई हाय, मी काय घ्यावं?”

ह्याला उत्तर असतं असं ज्यांना वाटतं ते कधी येड्याच्या घरात राहिलेले नाहीत.

एका बुधवारी ताई आमच्याकडं बसली होती. मल्लाप्पा भिंतीशी होता. गल्लीच्या तोंडाशी विजेची डीपी जळाली. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि सगळे माग एकदम थांबले. सगळं गप्प. आणि मल्लाप्पा डोलायला लागला. तोच बायकी आवाज.

सासू धावत आली, हातात हळदीचा करंडा. मग दारातच थबकली. “आज तर बुधवार हाय,” म्हणाली. बोटं मोजायला लागली. “बुधवारी आई कशी येईल? हे भाईरचं काहीतरी घुसलं बघ.” आणि लिंबू आणायला पळाली.

ताई माझ्याकडं बघत होती.

“पारव्वा, आत्ता काय बंद पडलं?”

“लाईट.”

“लाईट गेली की काय थांबतं?”

मी भिंतीकडं बघितलं. “माग,” मी म्हणाले.

ताईनं मल्लाप्पाच्या कानाशी जाऊन विचारलं, “माग चालू असला की बरं वाटतं?”

तो डोलता डोलता थांबला. म्हणाला, “माग चालू असला की त्यांचं ऐकू येत न्हाई.”

मी सासूला सांगितलं. नवऱ्याच्या बहिणीला सांगितलं. इंदूला सांगितलं. इंदू म्हणाली, “मग माझी नथ कारखान्यानं सांगितली व्हय गं?” बायका खो खो हसल्या. मी रागानं ताईला म्हटलं, पोलिसांत जाऊ. कायदा आहे म्हणतात असल्या गोष्टींना. तिच्या संस्थेच्या सरांचंही तेच म्हणणं होतं. पेपरवाल्यांना घेऊन जाऊ, फोटो येईल, संस्थेचं नाव होईल.

“पोलीस आले की पहिला कोण उचलला जाईल?” ताई म्हणाली. “पाटावर बसलेला. गर्दीला कोण उचलतं? आणि फोटो कुणाचा येईल, सांग की. ह्याचाच. गल्लीनं एकदा येडा म्हटलंय, आता सगळा जिल्हा ढोंगी म्हणेल.”

“मग करायचं तरी काय?”

“अजून ह्याला कुणी विचारलंच न्हाई,” ती म्हणाली. “सगळे आईला विचारत्यात.”

तर त्या शुक्रवारी ती नारळ घेऊन आली.

तिचा नंबर यायला दुपार झाली. मधल्या काळात इंदूनं दोनदा तिला उठवायचा प्रयत्न केला. “आमच्या आईला तुमच्या हातचा नारळ चालत न्हाई, बाई.” ताई म्हणाली, “न्हाई चालला तर परत नेते. चटणी करीन.” एक-दोघी हसल्या, इंदू चिडली. पण ताई हलली नाही. तिच्या ओढणीखालनं घाम ओघळत होता. मी चुलीपासनं बघत होते. आज जर तो तिच्या अंगावर धावला, तर बायका तिला फाडून खातील, हे मला दिसत होतं. आणि काहीच झालं नाही तर हा असाच उपाशी डोलत डोलत एक दिवस पाटावरनं कलंडेल, हेही दिसत होतं. आधीच त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

ताई पाटापुढं आली. नारळ ठेवला. हात जोडले नाहीत, कपाळ टेकलं नाही. मांडी घालून बसली, आमच्या घरात पहिल्या दिवशी बसली होती तशी.

“विचार,” सासू म्हणाली. “आन् वाटंला लाग.”

ताई सासूकडं वळलीच नाही. मल्लाप्पाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “आई, मी तुला उठ म्हणाय आलेली न्हाई. तू बस. मला मल्लाप्पाशी थोडं बोलायचंय. तेवढी त्याला जागा दे.”

हे असं कधी कुणी विचारलं नव्हतं. आईला उत्तर मागायचे, कौल मागायचे. जागा कुणी मागितली नव्हती.

मल्लाप्पा डोलत राहिला. ओठ हलत राहिले. सासू पुढं वाकली, कान लावायला, आणि ताईनं हळूच तिचा हात धरला. “अव्वा, आज राहू दे. त्यालाच सांगू दे.”

मल्लाप्पाचं डोलणं कमी कमी होत गेलं, झोका थांबतो तसं. मग त्यानं डोळे उघडले आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात, पुरुषी, घोगऱ्या, मी कित्येक दिवसांत न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, “ताई, ह्यांस्नी घरला जाया सांगा. सगळ्या एकदम बोलत्यात.”

“कोण?” ताईनं विचारलं. “ह्या भाईरच्या, का आतल्या?”

“दोन्ही.”

एक बाई उठायला लागली. दुसरीनं तिला ओढून बसवलं.

“आतल्या आधीपासनंच बोलत्यात,” मल्लाप्पा म्हणाला. “त्यांस्नी मी उत्तर देतो. न्हाई दिलं तर लई वंगाळ बोलत्यात. त्यात ह्या येऊन विचारत्यात. मी बोलतो आतल्यांशी आन् ह्या आपापल्या गाठीला बांधून घरी नेत्यात. कुणाची पोरगी कुठं दिली, कुणी कुणाला सोडलं, मला काय ठाऊक? मी कुणालाच काय सांगितलं न्हाई.”

“माझी नथ?” इंदू म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

“तुझी नथ मला ठाऊक न्हाई, वैनी. आतली एक बाई म्हणती, तू मेल्यावर तुला पिंपाखाली पुरीन. मी तिला म्हणत होतो, पिंपाखाली बघ, तिथं जागा न्हाई.”

मागच्या बाजूला कुणाचं तरी मूल रडायला लागलं, त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. मला आठवतं ते एवढंच की त्याचा एक शब्दही अडखळला नाही. त्यानं सगळं असं सांगितलं जसं मागावरचा माणूस पाळी बदलताना दुसऱ्याला सांगतो, हा धागा तुटतोय, इथं लक्ष ठेव.

“मला झोपायचंय, ताई,” तो म्हणाला. “मला भूकबी लागलीया.”

ताई माझ्याकडं वळली. “पारव्वा, काय हाय घरात?”

मी देवापुढच्या नैवेद्याचा भात उचलला आणि ताटलीत कालवला. सासू किंचाळली. मी त्याला भरवला, गोळी दिली, मळवट ओल्या फडक्यानं पुसला. तो पाटावरच आडवा झाला आणि नारळाच्या ढिगाशेजारी झोपला.

बायका एकेक करून उठल्या. जाता जाता एकीनं आपला नारळ ढिगातनं शोधून उचलून नेला. मग दुसरीनं नेला.

सासू भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. ताईला एवढंच म्हणाली, “माझ्या पोराला पुन्यांदा येडा केलीस बघ तू.”

ताईनं तिचे पाय धरले. सासूनं ते आत ओढून घेतले.

त्यानंतरची गोष्ट लोकांना आवडेल अशी नाही.

मल्लाप्पा बरा झाला. म्हणजे गोळ्या घ्यायला लागला, झोपायला लागला. ताई माझ्यासोबत तीनदा जुन्या मालकाकडं गेली. मालक म्हणायचा, “येड्याला मशीनवर ठेवू? हात गेला त्याचा तर कोण जबाबदार?” ताई म्हणायची, “रिकामा घरात बसवला तर त्याचं डोकं जाईल, त्याला कोण जबाबदार?” शेवटी मालकानं त्याला दोन मागांवर घेतला, आणि मी शेजारी कांडीवर राहायचं अशी अट घातली. शुक्रवारच्या मुक्या दिवसासाठी ताईनंच एक शोधून काढलं. त्याला एसटीत बसवायचं, इंजिनाजवळच्या सीटवर, कोल्हापूरला जायचं आणि यायचं. इंजिन घुर्रत राहायचं आणि तो खिडकीला डोकं टेकून गप्प बसायचा. पहिल्यांदा ताई आमच्याबरोबर आली. “दवाखान्याच्या कुठल्याच पुस्तकात हे लिहिलेलं न्हाई,” म्हणाली. “तू कुणाला सांगू नगंस.”

दुसऱ्यांदा ती आली नाही. तिसऱ्यांदाही नाही.

आमच्या गल्लीतनं संस्थेकडं तक्रार गेली होती, परधर्माची बाई देवीच्या पाटाशी बसली, आईचा अपमान केला. तिच्या मोहल्ल्यातनं तिच्या बापाला विचारणा झाली, तुमची पोरगी मूर्तीपुढं नारळ ठेवते? आणि संस्थेच्या सरांचं वेगळंच. मी त्यांच्या ऑफिसात गेले होते. पंख्याखाली बसले होते. म्हणाले, “बाई, आपली संस्था अंधश्रद्धेच्या विरोधात आहे. आमची कार्यकर्ती ‘आई, तू बस’ म्हणते, म्हणजे ती अंगात येणं मान्यच करते. हे आमच्या भूमिकेत बसत नाही.”

“माझा नवरा बसला ना पण,” मी म्हटलं, “माणसात.”

“तो आनंदाचाच भाग आहे.”

“मग तिला काढली कशाला?”

“काढलं नाही. त्यांनीच राजीनामा दिला.”

“तुम्ही मागितला म्हणून दिला.”

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मी सहावी शिकलेली बाई. पण त्या दिवशी मला जे बोलता आलं ते मी सगळं बोलले. ते इथं लिहिलं तर छापणार नाहीत. शिपायानं मला हाताला धरून बाहेर काढलं. ताईच्या घरी गेले तर कुलूप होतं. मिरजेला भावाकडं गेल्या, एवढंच शेजारणीनं सांगितलं. पुन्हा कधी दिसली नाही. तिच्या जागी कुणी आलंही नाही.

आमचं घर पुन्हा येड्याचं घर झालं. ह्यावेळी जास्तच, कारण आता आम्ही लोकांना फसवलंही होतं. घरमालकानं चुन्याचे पैसे मागितले. माझी घागर शेवटाला गेली. सासू मल्लाप्पाशी बोलायची बंद झाली. एकाच खोलीत राहून त्याच्या हातचा पाण्याचा तांब्या घ्यायची नाही. तो “अव्वा” म्हणायचा, ती भिंतीकडं तोंड करायची. ती मरेपर्यंत घरात असंच.

आणि पावसाळा संपता संपता मागच्या गल्लीत बाळू सुताराच्या घरात आई आली.

त्याची सून वनिता. नवीन लग्न झालेली, अंगानं काडी. दोन-चार महिने ती कुणाशी बोलत नव्हती, कोपऱ्यात बसून केस उपटायची म्हणे. मग एका शुक्रवारी किंचाळली, घुमली. इंदू कोळेकरच पहिला नारळ घेऊन गेली. आणि तिच्या मागोमाग माझी सासू. तिला सगळं माहीत होतं ना, मळवट कसा भरायचा, उपास कसा ठेवायचा, कान कसा लावायचा. ती वनिताच्या उजव्या हाताला बसायला लागली. नळावर पुन्हा मधोमध उभी राहायला लागली.

मी संस्थेत जाऊन आले. सर म्हणाले, तो भाग आता आमच्याकडं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी एसटीला निघायला तयार झाले आणि मल्लाप्पा घरात नव्हता. गल्ली मुकी होती. मी चौकापर्यंत बघून आले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो परत आला. ओठ फुटला होता, शर्टाची बाही फाटून लोंबत होती.

“कुठं गेला होता तुम्ही?”

“सुताराच्यात.”

“कुणी मारलं?”

“पुरुष मंडळी होती.” त्यानं तोंडावर पाणी मारलं. “अव्वापण होती. म्हणाली, तुझं गेलं म्हणून दुसऱ्याचं घालवाय आलास व्हय. मी काय केलं न्हाई, पारे. नुसतं त्यांस्नी म्हणालो, उठा, तिला झोपू द्या.”

मी फडकं भिजवून त्याच्या ओठाला लावलं. डोळे इकडंतिकडं धावत होते, तसे, जसे त्या दिवसांत धावायचे.

“ऐकू येतंय काय?”

“येतंय की. सकाळपासनं लई येतंय.”

“चला मग. दुपारची एसटी असंल अजून. चला बघू.”

“भाकरी हाय काय?”

“हाय. बसा, वाढते.”

“मला न्हवं. बांधून दे. त्या पोरीला कालपासनं उपाशी ठिवलीया.”

“ओ, पुन्हा मारतील तुम्हाला.”

“मारू देत.” तो उठून चपला शोधायला लागला. “माझ्या डोक्यात सतराशे साठ बडबडत्यात, पारे. त्यातलं कुठलं खरं, कुठलं खोटं, मला न्हाई कळत सारखं. पण ती पोर रडतीया ते भाईरनं येतंय. तेवढं आता कळतंय मला.”

मी टोपलीतल्या भाकऱ्या काढल्या, वर चटणीचा गोळा ठेवला, फडक्यात बांधल्या. तो हात पुढं करून उभा होता. मी गाठोडं त्याच्या हातात दिलं नाही. आपल्याच काखेत मारलं, दाराला कडी घातली आणि त्याच्या पुढं चालायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी बसलेल्यांतला एक जण म्हणाला, “आता जोडीनं निघाली बघ येडी.”